पोराच्या जागी

शेवंतीची भरलेली पाटी प्रतिभानं शेडच्या दाराशी टेकवली आणि आत पाहिलं. रिकाम्या क्रेटांच्या मधे जी मोकळी जागा होती, तिथं तिची धाकटी बहीण शुभांगी उलट्या पावलांनी चालत होती. अडीच वर्षांचा साई तिच्या दोन्ही पावलांवर उभा होता, तिच्या मांड्यांना मिठी मारून. ती एक पाऊल मागे गेली की पोरगं आपोआप पुढे जायचं आणि खिदळायचं.

“मागे, मागे, आता बाजूला. थांब. थांबायचंसुद्धा असतं राजा, घाई नाही करायची.”

“थांबलो,” साई म्हणाला.

फुलं निवडत बसलेली गोजराबाई, दोघींची आई, पदर तोंडाला लावून हसली.

“बघ गं प्रतिभा, आत्तापासनंच नाचाया लागला माझा नातू.”

प्रतिभानं बघितलं. शुभांगी पाठ ताठ ठेवून, हनुवटी किंचित उचलून, टाच जमिनीला जेमतेम लावत चालत होती. चुकत होती. वळताना तिचा खांदा आधी जात होता आणि कंबर मागून. हे प्रतिभाला दारातून एका नजरेत दिसलं. दिसलं, पण ती बोलली नाही. चूक सांगितली असती तर ती सुधारली असती.

शुभांगी मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्जेंटिनाला चालली होती. ब्यूनोस आयर्स नावाच्या शहरात, दोन वर्षांसाठी, टँगो शिकायला. आणि साईला बरोबर घेऊन. मखमलाबादच्या त्या मळ्यात हे कुणी मोठ्यानं बोललं की चेष्टाच वाटायची. पण व्हिसा होऊन आला होता आणि दोन हजार सातचा तो जानेवारी निम्मा सरत आला होता.

हे खूळ निघालं ते द्राक्षांतून. विंचूरच्या वाइन पार्कातल्या एका कारखान्यात शुभांगी प्रयोगशाळेत कामाला होती. हंगामात तिथं अर्जेंटिनाहून एक तज्ज्ञ यायचा आणि त्याच्याबरोबर त्याची बायको, मार्ता. ही मार्ता तिकडे नाचाच्या शाळेत शिकवायची. विंचुरात तिला करमेना, म्हणून ती संध्याकाळी लाकडी पिंपांच्या मधल्या जागेत कारखान्यातल्या मुलींना चार पावलं शिकवू लागली. परक्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसतं चालायचं, यात नाच तो कुठला, असं म्हणून बाकीच्या मुली कंटाळून गेल्या. शुभांगी तीन हंगाम टिकली. शेवटी मार्ताच म्हणाली, तू तिकडे ये, माझ्या आईचं घर मोठं आहे, तू वर्गात असताना पोराला आई बघेल.

शुभांगीचा नवरा मनोज पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर मॅनेजर होता. हे ऐकून त्यानं आकांडतांडव करावं अशी प्रतिभाची मनापासून अपेक्षा होती. तो म्हणाला, “परत येऊन इथं शिकवशील ना? मग जा.” आणि स्वतः मुंबईला जाऊन व्हिसाच्या रांगेत उभा राहिला. असला नवरा कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाही?

प्रतिभाही एके काळी नाचायची. नुसती शाळेच्या गॅदरिंगला नव्हे. पंचवटीतल्या बाईंकडे ती लहानपणापासून कथक शिकली होती, मळ्यातून सायकल मारत जाऊन. लग्न होऊन सातपूरला गेली तरी क्लास सुटला नव्हता. नवरा रंगनाथ कारखान्यात फिटर, पाळ्या सांभाळून घर बघायचा, त्यानं कधी आडकाठी केली नाही. मुलगी मीना दहा महिन्यांची असताना बाईंनी दिल्लीच्या शिष्यवृत्तीसाठी प्रतिभाचं नाव दिलं आणि ते मंजूर झालं. वर्षभर दिल्लीला राहायचं होतं. बातमी घेऊन ती धावत माहेरी आली, तेव्हा गोजराबाई याच शेडमध्ये अशीच फुलं निवडत बसली होती.

“लेकरू कडेवर घेऊन कुठं नाचाया निघाली? लाज धर जरा,” ती म्हणाली होती.

एवढंच. प्रतिभा वाद न घालता परत गेली आणि बाईंना नाही म्हणून आली. रंगनाथला तिनं विचारलंसुद्धा नाही. पुढे कुणी विषय काढला की ती सांगायची, मूल झालं की नाच सुटतोच हो. बायका माना डोलवायच्या. पंधरा वर्षं हे वाक्य तिला पुरलं होतं. त्यात तिची थोडी कीवही केली जायची, थोडा मानही मिळायचा. आणि आता धाकटी बहीण पोराला चक्क पावलांवर उभं करून नाचत होती, आणि तीच आई कौतुकानं हसत होती.

“ताई, ये ना,” शुभांगीनं हाक मारली. “माझ्याबरोबर चालून बघ. तुला पटकन येईल.”

“फुलं कोमेजतील,” प्रतिभा म्हणाली आणि पाटी उचलून वजनकाट्याकडे गेली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा माहेरी आली, तेव्हा गोजराबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. नागलीला मोड आणून, वाळवून, दळून आणली होती आणि ते पीठ ती धोतराच्या मऊ फडक्यातून गाळत होती. साईला बरोबर देण्यासाठी सत्त्व. प्रतिभा समोर बसली आणि तिनं फडक्याचं दुसरं टोक धरलं.

“तिकडं असलं काय भेटत नसंल,” गोजराबाई म्हणाली. “डबा भरून दिला म्हंजी पोराच्या पोटाची काळजी नाय.”

“तिकडे काय पोरं जगत नाहीत का?”

“जगत असतील. पर आपलं पोर नवख्या मुलखात चाललंय. आन ही एकलीच. लय धीराची बाई माझी शुभी. लेकरू पदरात घेऊन समुद्रापल्याड निघाली. दुसरी कोनी असती तर घरात बसली असती.”

गोजराबाई सहज बोलली. दुसरी कोण, हे तिच्या मनातही नव्हतं. दिल्लीची गोष्ट ती केव्हाच विसरून गेली होती, आणि हेच प्रतिभाला सगळ्यात जास्त लागलं. आपण जिच्या एका शब्दावर घरात बसलो, तिला तो शब्द आठवतही नाही.

“साईला नेता यायचं नाही,” प्रतिभा म्हणाली.

“का गं?”

“त्याचा नवस आहे. गडावरच्या देवीचा. मी बोलले होते.”

आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. पण पहिलं वाक्य निघून गेल्यावर पुढची आपोआप येत गेली.

“तो झाला तेव्हा काचेच्या पेटीत होता ना. डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा मी बाहेर बाकावर बसून बोलले. पोर वाचू दे, पाच वर्षं दर चैत्राला तुझ्या पायावर आणून घालीन आणि पाचव्या वर्षी गडावरच जावळ काढीन.”

बाकावर ती बसली होती हे खरं होतं. घरी न जाता बसून होती. पण देवीला तिनं काही मागितलं नव्हतं, त्या वेळी तिला काही सुचलंच नव्हतं. साई दोन्ही चैत्रांत गडावर जाऊन आला होता हेही खरं, कारण दर चैत्राला सगळं घरच सप्तशृंगीला जायचं. जावळ राहिलं होतं ते शुभांगीला पोराचे भुरभुरणारे केस आवडायचे म्हणून. खोट्याला एवढे खरे टेकू मिळाल्यावर ते पडतंय कशाला?

गोजराबाईचे हात थांबले. पिठानं पांढरी झालेली बोटं तिनं दोन्ही कानांना लावली.

“आन हे तू आत्ता सांगती?”

“बोलून दाखवू नये म्हणतात ना. वेळ आली म्हणून सांगितलं.”

शुभांगी न्हाणीतून साईला पंच्यात गुंडाळून बाहेर आली. आईनं तिला सगळं सांगितलं. शुभांगी प्रयोगशाळेत काम करणारी, उपासतापासांना हसणारी. पण काचेच्या पेटीचं नाव निघालं की तिचं हसू जायचं. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि पोराचं डोकं पुसत राहिली. डोकं कोरडं झालं तरी पुसत राहिली.

“तुला त्या बाकावर बसलेली मी काचेतून बघायचे,” एवढंच ती म्हणाली.

“मी काय म्हणते,” प्रतिभा म्हणाली, “तू जा. साईला माझ्याकडे ठेव. चैत्रात मी त्याला गडावर नेईन. दोन वर्षं काय, अशी जातील.”

हे बोलताना तिच्या आवाजात इतकी माया होती की तिचं तिलाच नवल वाटलं. साईवर तिचा जीव होता, त्यात खोट नव्हती. पण पोर मागे टाकून नाचायला गेलेली आई गावानं बघावी, हेही तिला हवं होतं. दोन्ही एकदमच हवं होतं.

“त्याला सोडून मी नाही जाणार,” शुभांगी म्हणाली. “मग नाहीच जात.”

तेवढ्यात फाटकातून रंगनाथची मोटारसायकल आत आली. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि तो हसत येत होता. ओसरीवरचे चेहरे बघून तो पायरीशीच थांबला. गोजराबाईनं त्यालाही नवसाचं सांगितलं.

“चैत्र म्हणजे एप्रिलात?” त्यानं विचारलं.

“हो. का?” प्रतिभा म्हणाली.

“काही नाही.” त्यानं शुभांगीकडे पाहिलं. शुभांगीनं मान हलवली. रंगनाथनं पेढे देवापुढे ठेवले आणि विहिरीकडे चक्कर मारायला निघून गेला. पेढे कशाचे, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही.

प्रतिभा त्या दिवशी पोटभर जेवली. सातपूरला परतताना गाडीवर मागे बसून तिनं कथकचा एक जुना तोडा मनातल्या मनात म्हटला, जो तिला कित्येक वर्षांत आठवला नव्हता.

शुभांगीनं विंचूरला जाऊन मार्ताला सांगितलं की जमेलसं दिसत नाही. मळ्यात यायची ती येतच होती, सुटीच्या दिवशी फुलं तोडू लागायची, पण शेडमधल्या मोकळ्या जागेत आता क्रेट रचलेले होते. एकदा साई येऊन तिच्या पावलांवर चढला आणि म्हणाला, “मागे.”

“नको रे. पाय दुखतात,” ती म्हणाली आणि त्याला उचलून बाजूला ठेवलं.

प्रतिभा समोरच होती. हे बघून आपल्याला गार वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. पाय दुखतात म्हणायची ती रीत तिच्या ओळखीची होती. तिला उलट शुभांगीचा संताप आला. एवढ्यात सोडलंस? भांडायचंस की आईशी, देवीशी, माझ्याशी. मी नाही भांडले, तू तरी. पण हे बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं, म्हणून ती फुलं निवडत बसली.

वाट काढली ती सखुआत्यानं. ही त्यांच्या वडिलांची थोरली बहीण, शेजारच्याच मळ्यात राहणारी. गडाच्या चालीरीतींत भावकीतलं कुणी तिच्या शब्दापलीकडे जायचं नाही. गोजराबाईनं तिला बोलावून घेतलं, चहा दिला आणि गाऱ्हाणं घातलं. सखुआत्यानं बशीतला चहा संपवला.

“नवस बोललं कोन?”

“मी,” प्रतिभा म्हणाली.

“पोरगं तर नाय ना बोललं? मंग त्याला कशापायी बांधून ठिवता? बोलनारीनं पोराच्या जागी उभं ऱ्हायाचं. दर चैत्राला तू चढायचं, अनवानी. त्याचं एखादं आंगडं न्यायचं, पायावर घालायचं. जावळ पोरगं माघारी आल्यावर काढा. आपल्यातली पोरं कामाधंद्याला लांब गेली, त्यांच्या आया दुसरं काय करत्यात?”

“चालतं असं?” शुभांगीनं विचारलं. तिचा आवाज एकदम वर गेला होता.

“न चालाया काय झालं? पर आधी गडावर जाऊन देवीला सांगाया लागतं, पोर मांडीवर घेऊन. आन एक ध्यानात ठेव प्रतिभा. पाच वर्सं पुरी होईस्तोवर एकबी चैत्र चुकवायचा नाय. चुकला तर ते पोरावर येतं.”

सगळ्याजणी प्रतिभाकडे बघू लागल्या. नाही म्हणायला तिच्याजवळ काही कारण नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला त्यात थोडं बरंही वाटलं. शुभांगीचं सगळं जाणं आता तिच्या एका होकारावर येऊन थांबलं होतं.

“जाईन की,” ती म्हणाली. “मी कुठं जाणार आहे चैत्रात?”

शुभांगीनं मान वर केली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग उठून तिनं साईला कडेवर घेतलं आणि त्याच्या मानेत तोंड खुपसलं.

फेब्रुवारीत एका सकाळी कोल्ड स्टोरेजवरची जीप मनोजनं पाठवून दिली. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे मळे होते, बायका टोप्या बांधून घड उतरवत होत्या. नांदुरीपासून घाट लागला. गडावर जत्रेची गर्दी नव्हती. गोजराबाई आणि सखुआत्या कठड्याला धरून सावकाश पायऱ्या चढल्या. साईला प्रतिभानं घेतलं होतं. शुभांगीनं दोनदा हात पुढे केले, पण तिनं दिलं नाही. ती अनवाणी होती आणि दगड अजून गार होते.

देवीपुढे खण-नारळ ठेवून प्रतिभा खाली बसली आणि साईला तिनं मांडीवर घेतलं. एकदा खोटं बोलून झालंय, दुसऱ्यांदा काय जड जाणार, असं ती पायऱ्या चढताना स्वतःला सांगत आली होती.

“बोल गं,” सखुआत्या मागून म्हणाली.

समोर ती शेंदरी, उंच, मान कलती केलेली देवी. ऐकायला कान दिल्यासारखी ती मान आहे असं लहानपणी आईनं सांगितलं होतं. साई तिच्या हिरव्या बांगड्या एकेक करून वर सरकवत होता. त्याच्या टाळूचा वास तिच्या नाकात गेला आणि तिला तो बाक आठवला, दवाखान्यातली फिनेलची घाण आठवली, काचेआडचं ते मूठभर पोर आठवलं. तेव्हा मागायचं राहून गेलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं.

“याला सुखी ठेव,” ती म्हणाली. हे तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. “हा लांब जातोय. याच्या जागी मी येईन, दर चैत्राला. एकही चुकवणार नाही.”

सखुआत्यानं “उदो” म्हटलं, गोजराबाईनं डोळे पुसले. पुजाऱ्यानं साईच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यानं ते लगेच गालभर केलं.

उतरताना प्रतिभाला इतकं हलकं वाटत होतं की तिनं आपणहून शुभांगीचा हात धरला.

“वळताना खांदा आधी टाकू नकोस,” ती म्हणाली. “कंबर आधी, खांदा मागून. तोल जातो तुझा.”

शुभांगी पायरीवर थांबली. “हे तू केव्हा पाहिलंस?”

“पहिल्याच दिवशी. शेडमध्ये.”

शुभांगी तिच्याकडे बघत राहिली आणि मग उतरू लागली.

घाट उतरून नांदुरीला जीप चहासाठी थांबली. दोघी म्हाताऱ्या गाडीतच बसल्या, पायऱ्यांनी त्यांचे गुडघे धरले होते. दोघी बहिणी टपरीपुढच्या बाकावर बसल्या. साई प्रतिभाच्या मांडीवर बिस्किट भिजवून खात होता.

“आता सांगायला हरकत नाही,” शुभांगी म्हणाली. “मी तुला नेणार होते.”

“कुठं?”

“तिकडे. माझ्याबरोबर, मार्चपासून जुलैपर्यंत. मार्ताला मी तुझं सगळं सांगितलं होतं, कथकचं, दिल्लीचं. ती म्हणाली, बहिणीला घेऊनच ये. मार्चात नवा वर्ग सुरू होतो. पन्नाशीच्या बायका येतात त्यात, तू तर चाळिशीचीही नाहीस. आपण दोघींनी आळीपाळीनं साईला सांभाळायचं आणि आळीपाळीनं वर्गाला जायचं. मनोज आणि दाजी मिळून तुझा व्हिसा आणि तिकीट करणार होते. दाजींना कंपनी जर्मनीला पाठवणार होती तेव्हा तुमचे दोघांचे पासपोर्ट काढले होते ना, तो तुझा त्यांनी शोधूनसुद्धा ठेवला होता.”

प्रतिभाच्या हातातला चहाचा ग्लास पोळत होता. तो खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

“मला कुणी बोललं नाही.”

“त्या रविवारी सांगणार होतो. म्हणून तर दाजी पेढे घेऊन आले होते.” शुभांगी जरा हसली. “मग नवस निघाला आणि माझंच जाणं राहिलं. सखुआत्यानं वाट काढली, पण त्यात तू अडकलीस. नेमका एप्रिल. मला त्याच दिवशी बोलायचं होतं. पण तू म्हणालीस, मी कुठं जाणार आहे, आणि मला वाटलं, आता सांगून तुझ्या जिवाला घोर कशाला लावू? माझ्या पोरासाठी बोललेला नवस तो. आज मात्र तू ते खांद्याचं बोललीस आणि मला राहवेना.”

प्रतिभा रस्त्याकडे बघत होती. पलीकडे एक टेम्पो क्रेट भरून चढाला लागला होता. एका वाक्याचं काम होतं. तो नवस खोटा होता, मी बोललेच नव्हते. आज सकाळी घरून निघेपर्यंत ते वाक्य बोलून मोकळं होता आलं असतं. आई चार दिवस बोलली नसती, सखुआत्यानं शिव्या घातल्या असत्या, आणि मार्चात ती विमानात बसली असती. आता तासाभरापूर्वी तिनं पोर मांडीवर घेऊन जे सांगितलं होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं. ते तिला मोडता येणार नव्हतं.

इतके दिवस तिला शुभांगीच्या जाण्याचा हेवा वाटत होता, नवऱ्याचा, आईच्या कौतुकाचा. आता त्याहून वाईट काहीतरी वाटलं. शुभांगीसारखी बहीण आपल्याला मिळाली आणि तिच्या वाट्याला आपण आलो, हे तिला वाटलं, आणि याचा राग कुणावर काढायचा ते कळेना.

“ताई,” शुभांगीनं हळूच विचारलं, “एक विचारू? तेव्हा त्या बाकावर तू खरंच बोलली होतीस?”

तिच्या विचारण्यात संशय होता की नुसतं आठवणं होतं, ते प्रतिभाला समजलं नाही. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. साईनं भिजलेलं बिस्किट तिच्या तोंडापुढे धरलं. तिनं ते खाल्लं.

“तेव्हा नाही,” ती म्हणाली. “आज बोलले.”

शुभांगीचा ग्लास ओठांशी होता तिथंच राहिला. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, मग हळूहळू सगळं येत गेलं: आईचं नागलीचं फडकं, रचलेले क्रेट, पायावर चढलेला साई. प्रतिभानं नजर हटवली नाही. निदान एवढं तरी तिला करायचं होतं.

“चला गं पोरींनो,” गोजराबाईनं गाडीतून हाक दिली. “ऊन चढाया लागलं.”

शुभांगी उठली. तिनं चहाचे पैसे दिले आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. साईला तिनं मागितलं नाही. वणी गेलं, दिंडोरी गेली. मागच्या सीटवर सखुआत्या आणि गोजराबाई पुढच्या चैत्राचं बोलत होत्या, कोण कोण येणार, भाकरी किती घ्यायच्या. साई प्रतिभाच्या खांद्यावर झोपून गेला आणि त्याचं कुंकू तिच्या ब्लाउजला लागलं. पुढच्या सीटवरचं डोकं एकदाही मागे वळलं नाही.

मळ्याच्या फाटकाशी जीप थांबली. म्हाताऱ्या उतरून आत गेल्या. शुभांगी पुढून उतरली, मागच्या दाराशी आली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. तिचे डोळे लाल होते.

“चैत्रात जाशील ना गडावर,” ती म्हणाली, “तेव्हा आमच्यासाठी काही मागू नकोस. नुसती उभी राहा आणि ये.”

“बरं,” प्रतिभा म्हणाली. झोपलेल्या पोराचं डोकं सावरत तिनं त्याला आईच्या हातात दिलं.